पडद्याची स्प्रिंग

चैत्या वरठा वारल्याला दीड वर्ष झालं होतं. २०१५च्या जानेवारीत त्याचा मुलगा नविन तलासरीहून टेम्पो घेऊन डहाणूला, हरिश्चंद्र सावे यांच्या वाडीवर गेला. त्याला त्यांचा जुना ऑर्गन हवा होता.

वाडी समुद्राकाठच्या आगर गावाच्या अलीकडे. शंभरेक चिकूची झाडं, मागे भाजीचे वाफे, आणि वारा फिरला की सुकत घातलेल्या बोंबलांचा वास. चैत्याने त्या वाडीत तीस वर्षांहून जास्त काम केलं होतं. हंगामात तो बायकोमुलाला घेऊन वाडीतल्या खोपीत राहायला यायचा आणि पाऊस लागला की भात लावायला तलासरीकडच्या आपल्या पाड्यावर परत जायचा. नविनचं निम्मं लहानपण त्या खोपीत गेलं. शेठच्या ओटीवर हिरव्या चादरीखाली काहीतरी मोठं झाकून ठेवलेलं असायचं आणि त्याला हात लावायचा नाही, एवढंच त्याला तेव्हा ठाऊक होतं. ते विजेवर वाजवायचं यंत्र आहे, इटलीहून आलेलं आहे आणि शेठ एकेकाळी ऑर्केस्ट्रात ते वाजवत, हे पुढे कळलं.

आता तो एकतीस वर्षांचा होता. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकून त्याने तलासरी नाक्याजवळ दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. हायवेवरच्या ढाब्यांचे टीव्ही, लग्नातले ॲम्प्लिफायर, भजनी मंडळांचे माईक, सगळं त्याच्याकडे यायचं. पोट त्यावर चालायचं, पण जीव रमायचा दुकानातल्या मागच्या टेबलावर. तिथे तो भंगारातून आवाजाच्या पेट्या बनवायचा. टेलिफोनच्या रिसीव्हरचा माईक कर, टेपरेकॉर्डरच्या मोटरवर स्पीकर फिरव, असलं काहीही. कोणी त्या विकत मागत नसे आणि तोही विकत नसे. मोबाईलवर त्याने परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ पाहिले होते. ती माणसं जुने ऑर्गन उघडून आतले भाग काढत आणि त्यांतून नवीनच काहीतरी उभं करत. त्यात त्याला भुरळ पडली होती ती इकोच्या डब्याची. पत्र्याचा लांबट डबा, आत ताणलेल्या बारीक स्प्रिंगा. आवाज एका टोकाने स्प्रिंगेत शिरतो, हेलकावत दुसऱ्या टोकाला जातो, पुन्हा मागे फिरतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, गाणारा एखाद्या मोठ्या देवळात उभा आहे.

"ने बाबा एकदाचा," हरिश्चंद्रांच्या पत्नी हिरकणीकाकू चादर ओढून काढत म्हणाल्या. "चिकूचे क्रेट ठेवायला जागा नाही आणि हा इथे ठाण मांडून बसलाय. उंदरांनी आत किती बाळंतपणं उरकली असतील देव जाणे."

हरिश्चंद्र आरामखुर्चीत बसले होते. दोन वर्षांपूर्वीच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात मांडीवर तसाच पडून असे. त्यांनी ऑर्गनकडे न बघता विचारलं, "काय करणार आहेस त्याचं?"

"भाग काढीन, काका. इकोचा डबा, सुरांच्या पट्ट्या, पायातलं पेडल."

"म्हणजे मोडणार."

नविनने खोटं बोलायचं टाळलं. "आतून गेलाय तो. अख्खा काही चालू व्हायचा नाही. भाग तरी वापरात येतील."

हरिश्चंद्र म्हणाले, "ने. उघडताना घाई करू नकोस, एवढंच."

पुढच्या रविवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून नविनने ऑर्गन उघडला. आत उंदरांची घरटी होती, चिकूच्या बिया होत्या, आणि त्या सगळ्याखाली सर्किटच्या बारा हिरव्या पट्ट्या ओळीने उभ्या होत्या. एका सुराची एक पट्टी. एक पट्टी मेली की तो सूर सगळ्या सप्तकांतून जातो. नविन एकेक पट्टी काढून ब्रशने साफ करू लागला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्याआधी कोणीतरी इथे काम केलेलं आहे.

एका पट्टीवर रेडिओतला ट्रान्झिस्टर बसवला होता, त्याचे पाय लांब करायला तांब्याची तार जोडलेली. आवाज कमी-जास्त करायच्या पेडलमधला दिवा टॉर्चचा होता आणि त्याला धरायला पावडरच्या डब्याचा पत्रा कापून पकड केली होती. कथलाचे डाग जाडेभरडे होते, सोल्डरिंग आयर्नने दिलेले वाटत नव्हते. पण इतक्या वर्षांत एकही सुटला नव्हता. डहाणू स्टेशनजवळचा कोणी जुना रेडिओवाला असेल, असं नविनला वाटलं.

इकोच्या डब्यात मूळच्या दोन स्प्रिंगांपैकी एकच उरली होती. दुसरीच्या जागी एक जाड स्प्रिंग ताणून बसवली होती. नविनने ती बोटाने छेडली आणि तो हसलाच. दारावर पडदा अडकवायला लावतात ती स्प्रिंग होती, वरचं प्लास्टिक सोलून काढलेली. त्याने चांगली नवी स्प्रिंग आधीच मागवून ठेवली होती. जुनीचा आकडा गंजून बसला होता, निघेना. त्याने कटर घेतला, स्प्रिंग मधोमध तोडली आणि दोन्ही तुकडे भंगाराच्या डब्यात टाकले.

मग झाकण पुसायला घेतलं. आतल्या बाजूला खिळ्याने कोरलेलं होतं. चैत्या वरठा, तलासरी. १२-३-८३.

अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. चौथीपर्यंत शिकलेला त्याचा बाप शाळेच्या कागदांवर सही करायचा ती अशीच, 'ठ' सगळ्यात मोठा आणि बाकीची अक्षरं त्याच्या आडोशाला बसल्यासारखी.

नविन स्टुलावर बसून राहिला. बापाचे हात त्याच्या डोळ्यांपुढे आले. चिकूचा चीक बसून काळी पडलेली बोटं, कोयत्याच्या खुणा. दुकान टाकल्यावर बाप कधीमधी येऊन याच स्टुलावर बसायचा. बोलायचा काही नाही. नविनचं काम बघत राहायचा आणि चहा पिऊन एसटी पकडायचा. कधी त्याने सोल्डरिंग आयर्नला हात लावला नाही. मात्र नविन आयटीआयचा फॉर्म भरून आला त्या दिवशी तो म्हणाला होता, "हात भाजंल. ओलं फडकं जवळ ठेवत जा." याला ओल्या फडक्याचं कसं ठाऊक, हे तेव्हा विचारायचं नविनला सुचलं नव्हतं.

त्याने उठून भंगाराच्या डब्यातून स्प्रिंगेचे दोन्ही तुकडे शोधून काढले आणि खिशात ठेवले.

संध्याकाळी पाड्यावर त्याची आई रूपी अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती.

"आई, बाबा शेठचा ऑर्गन दुरुस्त करायचा?"

"करायचा ना," रूपी मान वर न करता म्हणाली. "घरी यायचा तर बोटं पोळलेली. मी लोणी लावायची."

"मग मला कधी बोलली नाहीस ते?"

"त्याने सोडलं ते काम. मग मी पण बोलायचं सोडलं."

"का सोडलं?"

रूपीने हातातली शेंग टोपलीत टाकली. "शेठला इचार. मी तिथं नव्हते."

दोन दिवसांनी नविन झाकण वर्तमानपत्रात गुंडाळून पुन्हा वाडीवर गेला. हरिश्चंद्रांनी डाव्या हाताने कागद सोडवला, चष्मा लावला आणि ती ओळ वाचली. कोरलेल्या अक्षरांवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"हे मी कधी पाहिलं नव्हतं," ते म्हणाले. "मी आत कधी बघितलंच नाही. मला फक्त वाजवता यायचं."

मग ते सांगू लागले. १९७७ साली मुंबईतला एक वादक परदेशी निघाला होता, त्याच्याकडून त्यांनी तो ऑर्गन घेतला. त्या वेळी डहाणूपासून उंबरगावपर्यंत असं वाद्य कोणाकडे नव्हतं. गावातल्या चार पोरांना घेऊन त्यांनी 'ऑर्केस्ट्रा चंद्रिका' काढला. हळदी, नवरात्र, गणपती, पारशी लोकांच्या पार्ट्या. कोसबाडच्या टेकडीवर एकदा कार्यक्रम झाला, तर खालच्या गावांतून लोक चालत आले होते. ऑर्गन उचलायला चार माणसं लागत. त्यातला एक चैत्या.

"बाकीचे तिघं सामान ठेवलं की जेवायला पळायचे. तुझा बाप ऑर्गनच्या मागे उकिडवा बसायचा. मागची फळी काढून ठेवायचो आम्ही, गरम व्हायचा म्हणून. तो आत बघत बसायचा. मला वाटायचं, गंमत बघतोय."

पहिल्यांदा ऑर्गन बंद पडला तेव्हा मुंबईला न्यायचं ठरलं. टेम्पो येईपर्यंत चैत्या म्हणाला, शेठ, ही एक पट्टी गरम नाही होत, बाकीच्या होतात. हरिश्चंद्रांनी हसण्यावारी नेलं. मुंबईच्या मेकॅनिकने नेमकी तीच पट्टी काढली. पुढच्या वेळी त्यांनी चैत्यालाच बसवलं. त्याच्याकडे तेव्हा ना मीटर, ना काही. तांब्याचा जाड तुकडा चुलीत तापवायचा, राळेत बुडवायचा आणि डाग द्यायचा. हळूहळू तो स्टेशनजवळच्या रेडिओवाल्याकडे जाऊन बसू लागला. त्याचे मोडके रेडिओ मागून आणू लागला.

"आणि ही?" नविनने खिशातून स्प्रिंगेचे तुकडे काढून टीपॉयवर ठेवले.

हरिश्चंद्रांचा चेहरा एकदम उजळला. "अरे, हीच तर! त्र्याऐंशीच्या शिमग्याआधी घोलवडच्या उतारावर टेम्पोतून ऑर्गन पडला. इकोची स्प्रिंग तुटली. चार दिवसांवर कार्यक्रम. चैत्या म्हणाला, करतो. दुसऱ्या दिवशी लावून आला, आणि आवाज कसा? पहिला इको साधा होता. हा लाटेसारखा यायचा. सूर सोडला की तो जरा वेळाने मागून हलत हलत यायचा. लोक विचारायचे, सावे, हे काय नवीन आणलंत? सुरतेहून माणसं बोलवायला यायची त्या आवाजासाठी. मी सांगायचो, इटलीची करामत."

"थांबा," हिरकणीकाकू चहाचा ट्रे हातात घेऊन दारातच उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी ट्रे ठेवला आणि स्प्रिंगेचा तुकडा उचलून उजेडात धरला. "ही माझ्या आतल्या खोलीच्या पडद्याची! त्र्याऐंशी साली पडदा खाली पडलेला आणि स्प्रिंग गायब. मी शेजारच्या पोरांवर तोंडसुख घेतलं. त्यांच्या आईशी माझं वर्षभर बोलणं बंद होतं. आणि तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला नंतर कळलं," हरिश्चंद्र म्हणाले.

"किती नंतर?"

"चार दिवसांनी."

हिरकणीकाकू रागावायला गेल्या आणि हसूच लागल्या. नविनही हसला. हरिश्चंद्र हसता हसता थांबले आणि मग त्यांना पुढचं सांगणं अवघड जाऊ लागलं, हे नविनला दिसलं.

"बाबांनी सोडलं कशामुळे?" त्याने विचारलं.

हरिश्चंद्रांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून नीट मांडीवर ठेवला. "एकोणनव्वद साली संजाणजवळ एक लग्न होतं. मोठी पार्टी, सहाशे माणूस. वीज गेली म्हणून त्यांनी जनरेटर लावला. तिसरं गाणं चालू असताना ऑर्गनमधून धूर आला आणि सगळं बंद. नवऱ्या मुलाचा बाप स्टेजवर चढून मला वाट्टेल ते बोलायला लागला. माझं डोकं फिरलं. चैत्या मागे बसला होता. मी माईक हातात धरूनच म्हणालो, गवत कापणाऱ्याच्या हातात मशीन दिलं, माझीच चूक झाली."

हिरकणीकाकूंनी हातातला स्प्रिंगेचा तुकडा टीपॉयवर ठेवला.

"माईक बॅटरीवर चालू होता. सगळ्यांनी ऐकलं. हसलेही. चौघांनी मिळून ऑर्गन टेम्पोत चढवला, त्यात चैत्याही होता. आठवड्याने मुंबईचा मेकॅनिक येऊन सांगून गेला की जनरेटरने वीज जास्त सोडली, आत केलेल्या कामाचा काही दोष नाही. उलट त्याने विचारलं, हे डाग कोणी दिलेत."

"मग तुम्ही बाबांना सांगितलं?"

"नाही." हरिश्चंद्र अंगणाकडे बघत म्हणाले. "आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिलो. पुढच्या वर्षी मी कॅसिओ घेतला, ऑर्गन बंदच ठेवला. चैत्या वाडीत येतच होता. चोवीस वर्षं रोज समोर होता. एकदाही त्याने ऑर्गनचं नाव काढलं नाही आणि मीही नाही."

हिरकणीकाकूंना हे ठाऊक नव्हतं. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. नविनने झाकण आणि स्प्रिंगेचे तुकडे उचलले. चहा तसाच राहिला.

दुकानातल्या ऑर्गनवर त्याने ताडपत्री टाकली. नऊ-दहा महिने त्याने मागच्या टेबलावर काहीच केलं नाही. राग शेठचा होता, बापाचाही होता. एवढं येत असताना हा माणूस आपल्या दुकानात नुसता बसून कसा राहिला? मला शिकवलं असतं तर? एखाद्या अडलेल्या कामात तो मागून बघत असायचा, तेव्हा त्याला बिघाड कळत असेल का? हे प्रश्न तो दुसऱ्या कोणाला विचारू शकत नव्हता. आणि सगळ्यात जास्त राग स्वतःचा, की ज्या आवाजासाठी सुरतेहून माणसं येत तो आपण कटरने एका झटक्यात तोडला, तेही हसून.

भात कापून झालं, तशी त्याने ताडपत्री काढली. नवी मागवलेली स्प्रिंग बाजूला ठेवून बापाच्या स्प्रिंगेचे तुकडे जोडायला घेतले. नुसता कथलाचा डाग ताण पडला की सुटत होता. शेवटी त्याने दोन्ही टोकांचे वेढे एकमेकांत अडकवले, वरून बारीक तांब्याची तार गुंडाळली आणि मग डाग दिला. डबा एका छोट्या ॲम्प्लिफायरला जोडला, माईक लावला आणि "हॅलो" म्हणाला.

तो लाटेचा आवाज नव्हता, हे त्याला लगेच कळलं. बापाची स्प्रिंग वाजताना त्याने कधी ऐकली नव्हती, तरी कळलं. मधल्या गाठीपाशी आवाज अडत होता, अर्धा परत फिरत होता, अर्धा पुढे जात होता. एका शब्दामागून दोन सावल्या येत होत्या, एक जवळची आणि एक लांबची. त्याने गाठ सैल केली, घट्ट केली, जागा बदलली. फरक पडला नाही. मग त्याने ते तसंच राहू दिलं.

ऑर्गनच्या लाकडातूनच त्याने हातात धरून नेता येईल अशी पेटी केली. आत इकोचा डबा, ॲम्प्लिफायर, बॅटरी. वर ऑर्गनच्याच एका सप्तकाच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या बसवल्या आणि आतल्या सुरांपैकी जे जिवंत होते ते त्यांना जोडले. बारापैकी पाच सूर वाजत. आईने माईकवर गाऊन बघावं म्हणून तो पेटी पाड्यावर घेऊन गेला. पाड्यातली लग्नं बारकी नावाची बाई लावायची. लग्न लावणाऱ्या बाईला धवलेरी म्हणतात, तिचं सगळं काम गाण्यातूनच असतं आणि तिच्यामागे गाणाऱ्या बायकांत रूपी पहिली. बारकी आता सत्तरीला आली होती आणि डीजेच्या दणक्यात तिचा आवाज मांडवाबाहेर पोचत नसे.

रूपीने एक ओळ म्हटली आणि मागे वळून पाहिलं. "कोण गातंय माझ्यामागून?"

"तूच, आई."

तिने पुन्हा म्हटलं. थोडी थांबली, आवाज येऊ दिला, मग पुढची ओळ घेतली. तिसऱ्या ओळीला ती त्या सावल्यांशी जुळवून गाऊ लागली. नविनने ऑर्गनचा एक सूर धरून ठेवला तर म्हणाली, "ती भुणभुण बंद कर. हे राहू दे." बारकीला मात्र भुणभुण आवडली. त्या वर्षीच्या लग्नसराईत दोघी पेटी घेऊन आठ-दहा मांडवांत गेल्या आणि धवलेरीचं गाणं रस्त्यापर्यंत ऐकू येतं म्हणून लोक बोलू लागले.

वाडीवर नविन पुन्हा गेला नाही. पेटीचं हरिश्चंद्रांना कोणीतरी सांगितलं असावं. दिवाळीला हिरकणीकाकूंचा फोन यायचा, त्या रूपीची चौकशी करायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "यांना विचारायचंय तू कसा आहेस." नविन "बरा" म्हणायचा.

असं तीन वर्षं चाललं. मग २०१८च्या नोव्हेंबरात जमीन हलायला लागली. धुंदलवाडीच्या बाजूला आधी, मग डहाणू-तलासरीचा सगळा पट्टा. आवाज व्हायचा, पत्रे वाजायचे, भिंतीला तडा जायचा. आठवड्यातून दोनदा, कधी दिवसातून चारदा. लोक घरात झोपेनात. पाड्यावर सगळ्यांनी मोकळ्या शेतात ताडपत्र्या बांधल्या. शाळाही झाडाखाली भरू लागली.

फेब्रुवारीत एका दुपारी पाड्याच्या रस्त्यावर रिक्षा थांबली. हिरकणीकाकूंनी नवऱ्याला हाताला धरून उतरवलं. हरिश्चंद्र काठी टेकत शेतातून आले. चिकूची एक पाटी रिक्षावाल्याने आणून ठेवली.

"बातम्या ऐकून यांना चैन पडेना," काकू म्हणाल्या. "म्हणाले, रूपी कुठे झोपते ते बघून येऊ."

रूपीने चटई टाकली. पंधरा-वीस माणसं ताडपत्रीखाली होती. बारकीच्या नातीचं लग्न तोंडावर आलं होतं, म्हणून बायका गाणी घोळवत बसल्या होत्या आणि पेटी चालू होती. हरिश्चंद्रांची नजर तिच्यावर गेली. ऑर्गनच्या लाकडावरची चंदेरी पट्टी नविनने तशीच ठेवली होती. ते काही म्हणणार, एवढ्यात जमीन हलली.

जमिनीतून आवाज यायच्या आत पेटीतली स्प्रिंग गडगडली. स्पीकरमधून असा काही कडकडाट झाला की माणसं उठून शेतात पळाली. बांधलेल्या बकऱ्या ओरडू लागल्या. दोन-तीन क्षणांत सगळं थांबलं. हादरा लहानच होता. मोठा केला होता तो पेटीने. नविनने धावत जाऊन बटण बंद केलं आणि बारकी म्हणाली, "मेल्या, धरणी परवडली, तुझी पेटी नको." मग सगळे इतके हसले की हरिश्चंद्रांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

ते डोळे पुसत राहिले, आणि मग सर्वांना दिसलं की ते आता हसत नाहीत.

"रूपी," ते म्हणाले, "मला एक बोलायचंय. सगळ्यांसमोर." त्यांनी काठी धरून उभं राहायचा प्रयत्न केला, जमलं नाही, बसूनच बोलले. संजाणचं लग्न, जनरेटर, माईकवरून काय म्हटलं ते, शब्द न गाळता सांगितलं. "तो आवाज चैत्याचा होता. मी आयुष्यभर माझा म्हणून मिरवला. आणि चूक त्याची नव्हती हे कळूनही मी त्याला सांगितलं नाही."

रूपी खाली बघून चटईची काडी सरळ करत होती. "शेठ," ती म्हणाली, "हे त्याला सांगायचं होतं. मला सांगून काय?"

"हो," हरिश्चंद्र म्हणाले. "उशीर केला."

"मी ऐकलं. पाड्याने ऐकलं. पण त्याच्या वतीने मी काय बोलू? ते मला नाय येत."

हिरकणीकाकू रूपीच्या शेजारी जाऊन बसल्या. थोड्या वेळाने रूपी उठली, चूल पेटवली आणि सगळ्यांना काळा चहा केला. हरिश्चंद्रांना कप देताना म्हणाली, "वाजवायचं असेल तर वाजवा. बंद ठेवून काय करायचं?"

नविनने पेटी त्यांच्यापुढे सरकवली. हरिश्चंद्रांनी डाव्या हाताचं एक बोट पट्टीवर ठेवलं. सूर निघाला, त्याच्यामागे दोन सावल्या आल्या. ते कान देऊन ऐकत राहिले.

"मधे अडतोय," ते म्हणाले.

"मी तोडली होती, काका. जोडली तशी वाजते."

हरिश्चंद्रांनी मान डोलावली. दुसरा सूर दाबला, मग तिसरा. चौथी पट्टी मुकी होती. "बाकीचे सात सूर कुठे आहेत?"

"दुकानात. सर्किटच्या पट्ट्या आहेत, पण सुरात येत नाहीत. मला कानाने नेमकं कळत नाही."

"मला कळतं," हरिश्चंद्र म्हणाले.

त्यानंतर दर गुरुवारी ते डहाणूहून रिक्षाने तलासरीला येऊ लागले. नविनने दुकानात पंख्याखाली त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली. ते डोळे मिटून बसत, नविन पट्टीवरचा स्क्रू फिरवत राही. कामाव्यतिरिक्त बोलणं थोडंच होई, पण अधूनमधून हरिश्चंद्र मध्येच सांगत. चैत्याला भजी फार आवडायची. चैत्याला पाण्याची भीती होती, इतकी वर्षं आगरजवळ काम करून तो एकदाही होडीत बसला नाही. नविन हातातलं काम थांबवून ऐके. राग गेला होता असं नाही. पण बापाविषयी त्याला ठाऊक नसलेलं सांगणारं दुसरं माणूस उरलं नव्हतं.

२०१९च्या दिवाळीपर्यंत बारापैकी नऊ सूर बोलू लागले. तुळशीचं लग्न लागून मांडव सुरू झाले, तेव्हा दहाव्यावर काम चालू होतं. त्या गुरुवारी रूपी आणि बारकी लग्नाला निघालेल्या टेम्पोतून उतरून पेटी न्यायला दुकानात आल्या. पेटी टेबलावर उघडी पडली होती, तारा बाहेर लोंबत होत्या.

"हे काय?" रूपी म्हणाली. "टेम्पो उभा आहे. वऱ्हाड खोळंबलंय."

"दहा मिनिटं, आई."

"थोडा वर," हरिश्चंद्र डोळे मिटूनच म्हणाले. नविनने स्क्रू केसभर फिरवला. "अजून. अजून जरा."

बारकी दारातल्या पायरीवर टेकली आणि तिने पानाची चंची उघडली. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.